फाल्गुनातली मरळ

भाऊ,

सगळी कचेरी तुम्हांला भाऊ म्हणायची म्हणून घरात आम्हीही भाऊच म्हणत आलो. बाबा हा शब्द माझ्या तोंडून तुमच्यासाठी कधी निघाला नाही, आणि आता या वयात काढणार नाही. मला लिहायचं आहे ते एका रविवाराबद्दल. त्या रविवाराबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. तुम्ही गेल्यावर मात्र बाकीचे सगळे बोलले. मागच्या महिन्यात माझ्या जुन्या विद्यार्थिनींनी एक समारंभ केला. मी नको म्हटलं होतं, पण त्याही आता आज्या झाल्या आहेत, ऐकत नाहीत. एकीने भाषणात सांगितलं की आमच्या बाईंच्या वडिलांनी त्या काळात, पांढरकवड्यासारख्या गावात, दारात आलेलं स्थळ परत पाठवलं आणि मुलीला कॉलेजात घातलं. टाळ्या झाल्या. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसले. तिने सांगितलं त्यातलं काही खोटं नव्हतं. तरी घरी आल्यापासून मला चैन नाही, आणि माझा स्वभाव तुम्हांला माहीत आहे. चैन नसलं की मी काम काढून बसते. हे ते काम.

फाल्गुन लागला की तुमच्या रविवारांना वेगळी शिस्त यायची. थंडीभर मरळ डोहाच्या तळाशी पडून राहते, खात नाही, हलत नाही. फाल्गुनात दिवस तापतात पण रात्री गारच असतात, म्हणून पहाटे गळ टाकण्यात अर्थ नाही, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलं असेल. ऊन चढून काठाजवळचं उथळ पाणी कोमट झालं की मोठी मरळ तिथे उबेला येते, आणि महिनोन्‌महिन्यांची भुकेली असते. त्यामुळे बाकीचं गाव झुंजुमुंजू असताना नदीवर जायचं, आणि आपण भाकरी खाऊन, धुतलेले कपडे घालून, कचेरीला निघाल्यासारखे निघायचो. बसस्टँडजवळच्या सायकल दुकानाचे चाचा तोवर पहाटेची फेरी करून, पिशवीत चार शिंगटं नि थोडे झिंगे घेऊन परत येत असायचे. ते तुमचे दोस्त, आणि नदीवरचे वैरी. आपल्याला वाटेत पाहिलं की सायकलवरून पाय जमिनीला टेकवून म्हणायचे, "काहून भाऊसाब, मासे बी आता कचेरीच्या टायमाले येऊन राह्यले का?" तुम्ही पॅडल न थांबवता उत्तर द्यायचात, "चपराशी लवकर येतेत मियाँ. साहेब लोक दहाच्या आधी येत नाही." मी कॅरियरवर बसून हसायची. पुढे शाळेत मी हसत नाही अशी माझी ख्याती झाली, पण मुलींना काय माहीत, माझं हसणं कुठे खर्च झालं ते.

डोहाशी पोचल्यावर तुम्ही आधी चपला काढायचात आणि काठाच्या पाण्यात हात बुडवून उभे राहायचात. पाणी हात काढावासा वाटणार नाही इतपत झालं की मान हलवायचात. मग मी लोट्यावरचं फडकं सोडायची. आत बेडकं असायची, आपल्या मोरीच्या ओलाव्यातून मीच पकडलेली, अंगठ्याएवढी. आईला त्या लोट्याची शिसारी होती; तो लोटा घरात पुन्हा कधी कुणी वापरला नाही. दोर कापसाचा, तुम्ही स्वतः पिळलेला, कुजू नये म्हणून काताच्या पाण्यात उकळलेला. त्याचा तो तांबूस रंग आणि तुरट वास अजून माझ्या नाकात आहे. गळ मात्र पोलादी, नागपूरहून आणलेले. बारा वर्षांची झाले तेव्हा त्यातला एक तुम्ही तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून मला दिलात आणि म्हणालात, आता तुझा दोर वेगळा. त्याच दिवशी मी पहिली मरळ घालवली. पाण्यावर बेडूक पोहत होता, खालून एकदम पाणी फुटलं, बेडूक नाहीसा झाला, आणि मी घाबरून लगेच दोर ओढला. रिकामा गळ हवेत आला. तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. "तिनं अजून गिळलं नव्हतं," एवढंच म्हणालात. मरळ बेडूक आधी तोंडात धरते, मग वळते, मग गिळते. मधला वेळ सोसायचा असतो. तो सोसायला मला दोन फाल्गुन लागले.

मासा घरात न्यायचा नाही हा आईचा कायदा. ती माळकऱ्यांच्या घरातून आलेली, तुमच्या घरी येऊन तिने पुष्कळ गोष्टी सोडल्या, पण स्वयंपाकघर सोडलं नाही. त्यामुळे मागच्या अंगणात तीन दगडांची चूल, भिंतीच्या खुंटीला टांगलेलं वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि रविवारी धोतर खोचून तुम्ही. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून तिथून मीठ, तिखट, खोबऱ्याचं वाटण वरून तुमच्या हातात सोडायची, बोटाला बोट लागू न देता. खात काही नव्हती, पण चूक सगळी तिला कळायची. वासावरून सांगायची, तेल कच्चं हाय, अजून थांबा. शेजारच्या बायका कुंपणावरून बघायच्या आणि कचेरीतल्या साहेबांना घरी कोणती नोकरी आहे ते आपसांत बोलायच्या. तुम्हांला ते ऐकू यायचं. तुम्ही पळी वाजवून त्यांना रस्सा हवा का विचारायचात.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढचा फाल्गुन. मी मॅट्रिक होऊन घरी होते, शिवण शिकत होते. मामांनी नेरचं स्थळ आणलं. मुलगा ओव्हरसियर, घरी शेती, मागणी काही नाही. मामांनी त्यासाठी दोनदा नेरला खेटे घातले होते आणि ते आम्हांला विसरू देत नव्हते. फोटो आला होता. माणूस बरा दिसत होता. हे जमलं तर वैशाखात लग्न आणि मग नेर, हे ठरल्यासारखंच होतं. पाहुणे रविवारी दुपारच्या एस.टी.ने येणार होते. तुम्ही सकाळी सायकल काढलीत तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. पोरीचं तोंड उन्हानं काळं होईल, आज तरी राहू द्या. तुम्ही म्हणालात, बस यायच्या आत येतो. मी लोटा घेऊन आधीच कॅरियरवर बसले होते. नेरला नदी आहे का, असेल तर तिथे सून गळ घेऊन बसेल का, असं काहीतरी माझ्या मनात चाललं होतं. उत्तर मला माहीत होतं. म्हणजे हा शेवटचा रविवार, असं मी त्या सायकलवर तुमच्या पाठीकडे बघत स्वतःला सांगत होते.

पाणी त्या दिवशी लवकर कोमट झालं. मी लव्हाळ्याच्या कडेला बेडूक सोडला आहे. तुम्ही पलीकडे तुमचा दोर घेऊन बसला आहात आणि पळसाच्या पानावर तंबाखू मळता आहात. बेडूक पाय मारत जातो, थांबतो. त्याच्याखाली पाणी जरा काळं होतं. मग फुटतं. मी ओढत नाही. दोर हळूहळू सरकू लागतो, थांबतो, वळतो, आणि आता मी दोन्ही हातांनी ओढते. असं वजन माझ्या हातांना पूर्वी कधी लागलं नव्हतं. मरळ सरळ काठाकडेच धावली, काठावरच्या तिरप्या जांभळाची मुळं पाण्यात उतरली होती तिकडे, आणि मुळांत शिरून बसली. दोर ताठ. कितीही जोर लावला तरी हलेना.

"ओढू नको," तुम्ही म्हणालात. तंबाखू तशीच टाकून तुम्ही उठला होतात. "मुळं दोर कापतीन. ढील बी देऊ नको. तिले श्वास घ्यायले वर यावंच लागते. ती आली की आपला नंबर."

ही मरळेची गोष्ट मला पुढे माझ्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाईंनीही सांगितली. हा मासा पाण्यातल्या हवेवर जगत नाही, थोड्या थोड्या वेळाने तोंड वर काढून त्याला घोट घ्यावा लागतो. पण मी ती तुमच्याकडून, दोराने तळहात कापले जात असताना शिकले. तुम्ही सदरा काढून ठेवलात, धोतर खोचलंत आणि छातीभर पाण्यात मुळांशी जाऊन उभे राहिलात. ती श्वासाला बाहेर आली की तिची परतीची वाट पायांनी अडवायची, आणि मी तिला मोकळ्या पाण्याकडे ओढायची. तोवर थांबायचं. आपण थांबलो. ती वर आली, पण मुळांच्या पलीकडून, घोट घेऊन पुन्हा आत. पुन्हा थांबलो.

तेवढ्यात चाचा आले. सायकल पार काठापर्यंत आणली होती, इतकी घाई. आईने त्यांना दुकानातून उठवून पाठवलं होतं.

"भाऊसाब, चला. पाव्हने आले. बसनं नाही, जीपनं आले. वहिनी रडाले येऊन राह्यल्या."

तुम्ही मुळांवरची नजर काढली नाहीत. "जाऊन सांगा, मासा लागला."

"पाव्हन्याले असं सांगू?"

"मंग काय खोटं सांगता?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरीले तं धाडा. मी कॅरियरवर नेतो. पाव्हने काही तुमाले पाहाले नाही आले."

तेव्हा तुम्ही मान वळवलीत. तुमच्या मिशीवरून पाणी गळत होतं. त्या नजरेचा अर्थ मी आयुष्यभर लावत आले आहे. तुम्ही म्हणालात, "दोर झाडाले बांधता येते, बेटा. तुले जायचं असन तं जा."

मी म्हटलं, "मी नाही जात."

तुम्ही पुन्हा मुळांकडे वळलात. चाचांनी मान हलवून सायकल वळवली, पाच पावलं गेले आणि परत फिरून त्यांनी विचारलं, "केवढी हाय?" अजून दिसली नाही, असं तुम्ही सांगितलंत. त्यांना जाववत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. पण गेले बिचारे.

नंतर सगळं शांत झालं. दूर हैदराबाद रस्त्यावर ट्रक चढणीला लागल्याचा आवाज येत होता, तो थांबला. माझ्या तळहातांची कातडी सोलली होती आणि पाय पाण्यात गार पडले होते, वर डोकं तापलं होतं. तुम्ही इतके स्थिर होता की एक खंड्या येऊन तुमच्या डोक्यावरच्या फांदीवर बसला. तुम्हांला मी दिसते आहे, मला तुम्ही, आणि मधे तो ताठ दोर. मला घाई नाही. खरं सांगायचं तर ती मरळ वर येऊच नये, असं मला वाटत होतं.

ती आली. माझ्या बाजूने, काळं चपटं डोकं, तोंड उघडून घोट घेतला, आणि तुम्ही नुसती मान हलवलीत. मी ओढलं. तुमचे पाय मुळांच्या तोंडाशी, ती परत फिरायला गेली आणि तुमच्या गुडघ्यावर आपटली, मग मोकळ्या पाण्यात. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दोर गेला, आला, पुन्हा गेला. मी काठावर बसले, पडले, उठले. शेवटी उथळ पाण्यात तिची कूस वळली, तेव्हा तुम्ही खाली वाकून कल्ल्यांत बोटं घालून तिला उचललंत आणि गवतावर आणून टाकलंत. अंगावर अजगरासारखे पट्टे. माझ्या शेजारी उभी धरली तर कमरेच्या वर. तुम्ही धापा टाकत होता, हसत होता, आणि हसता हसता म्हणालात, "साहेब आले बरं."

येताना आपण सायकलवर बसलो नाही. तुमच्या सदऱ्यात गुंडाळलेली मरळ हँडलला बांधली होती आणि तुम्ही सायकल हातात धरून चालत होता, मी बाजूने. दोघांनाही माहीत होतं की आता धावून उपयोग नाही. मला वाटलं होतं की वाटेत तुम्ही विचाराल. तुम्ही विचारलं नाहीत, आणि आपणहून सांगायची आपल्या घरात रीत नव्हती.

घरी जीप नव्हती. बैठकीत कपबशा तशाच होत्या, पोह्यांच्या बशा अर्ध्या खाल्लेल्या. चाचांनी निरोप शब्दशः दिला होता. मुलाच्या वडिलांनी विचारलं, बरं, भाऊंना मासा लागला, पण मुलगी कुठे आहे? चाचा म्हणाले होते, दोर तिच्याच हाती हाय. त्यावर मुलगा हसला होता, असं आईने पुढे कित्येक वर्षांनी मला सांगितलं. त्याचे वडील उठले म्हणून तोही उठला, पण तो हसला होता. ते ऐकून तो मुलगा मला पहिल्यांदा आवडला. असो. मामा अंगणात चपला घालून उभे होते. "जिजाजी, तुमी मासे धरा, मी स्थळं पाहतो, आन सोयरे हासतेत," असं म्हणून ते न जेवता संध्याकाळच्या बसने गेले, आणि पुढे दोन दिवाळ्या आमच्या घरी आले नाहीत. आईने माझे तळहात पाहिले. हळद आणि तूप लावलं. मग तुम्ही अंगणात चूल पेटवलीत, आणि ती नेहमीसारखी उंबऱ्यात येऊन उभी राहिली, वाटण घेऊन. त्या दिवशी मात्र तेल कच्चं आहे की नाही, तिने सांगितलं नाही.

जेवण झाल्यावर तिने विचारलं. कायले केलं असं, लोक काय म्हणतीन, पोरीचं काय होईल. मी पातेलं घासत होते, तुम्ही खाटेवर होतात. तुम्ही म्हणालात, "तिले मी इचारलं. तिले जायचं असतं तं गेली असती. पोरीले शिकायचं हाय." आई माझ्याकडे वळली. तुम्हीही पाहिलंत. तुमच्या आवाजात माझ्याबद्दलचा असा अभिमान मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी राख आणि नारळाची शेंडी घेऊन पातेलं घासत राहिले. तुम्ही तेवढ्यावर समजलात.

मग यवतमाळचं कॉलेज. आईच्या लांबच्या बहिणीकडे राहून मी शिकले. तुम्ही मला बसमध्ये बसवून दिलंत तेव्हा खिडकीशी उभं राहून सांगितलंत, आता मन लावायचं, मधेमधे घरी पळत यायचं नाही. मी मन लावलं. मन लावणं मला तुमच्यामुळे येत होतं. पहिल्या वर्षी फाल्गुनात परीक्षा आली आणि मी आले नाही. तुम्हीच लिहिलं होतं, येऊ नको. दुसऱ्या फाल्गुनात तुम्ही कचेरीत खुर्चीवरून उठताना खाली बसलात आणि उठला नाहीत. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. अंगणातली चूल आईने मोडली होती. मी तिला काही म्हटलं नाही, पण तिथे कुणी पाय ठेवला तर मला सहन होत नसे.

पुढचं सगळं चांगलं झालं. बी.ए., बी.टी., शाळा, माझ्या मर्जीने केलेलं लग्न, दोन मुलगे. मुली मला घाबरायच्या आणि मोठ्या झाल्यावर भेटायला यायच्या. कितीजणींच्या घरी मी स्वतः जाऊन बसले, त्यांच्या वडिलांना म्हटलं, अजून दोन वर्षं शिकू द्या, आणि वडील नाही म्हणू लागले की तुमची गोष्ट सांगितली. मीच सांगितली. भाषण करणारी ती दुसरीकडून कुठून आणणार? ती गोष्ट उपयोगाची आहे, भाऊ. तिच्यामुळे काही मुलींची आयुष्यं सरळ झाली. म्हणून हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. आज संध्याकाळी गॅसवर धरून मोकळी होईन.

पण इथे, नागपूरला, फाल्गुनात सकाळचं काम आटोपून मी गॅलरीत येते तेव्हा फरशीवर ऊन येऊन फरशी कोमट झालेली असते. मी चपला काढून त्यावर पाय ठेवते आणि उभी राहते. नातसून विचारते, आजी, काय बघता? मी सांगते, काही नाही, कपडे वाळले का बघते. मला तेव्हा तुम्ही छातीभर पाण्यात दिसता. मान वळवून विचारता, जायचं असेल तर जा. आणि मी दर वर्षी तेच उत्तर देते.

त्या दिवशी शिक्षण माझ्या मनात नव्हतं, भाऊ. कॉलेज मला नको होतं. मला पुढच्या फाल्गुनात पुन्हा तुमच्याबरोबर तिथे यायचं होतं.